झालानाचा बिबट्या ६०० मिलिमीटर मागत नाही

जयपूरला बदली झाल्यापासून महिन्यातून एकदा तरी हा फोन येतो. कधी पेन्शनीत गेलेले एखादे सुभेदार साहेब असतात, कधी कोर्समेट. "पहिला डीएसएलआर घेतोय. झालानाला यायचंय. १५०-६०० ची लेन्स घ्यायचं पक्कं आहे, बॉडी कुठली घेऊ?" निर्णय झालेला असतो, माझा फक्त शिक्का हवा असतो. तो मी देत नाही. का देत नाही, ते एकदा लिहूनच टाकतो.

झालाना म्हणजे रणथंभोर नव्हे. मालवीय नगरच्या घरांना लागून असलेलं, साधारण २० चौरस किलोमीटरचं अरवलीतलं जंगल आहे हे. राजघराण्याची जुनी शिकार औदी आजही तिथे उभी आहे. झाडी धोकाची, म्हणजे आपल्या धावड्याच्या भाऊबंदाची. रस्ते अरुंद. बिबट्या दिसलाच तर बरेचदा २५-३० मीटरवर दिसतो. आता हिशेब करा. निकॉनच्या साध्या डीएसएलआरचा सेन्सर साडेतेवीस मिलिमीटर रुंद असतो. ३० मीटरवर ३०० मिलिमीटरच्या लेन्समधून सुमारे २.३५ मीटर रुंदीची चौकट मिळते. बिबट्याचं धड सव्वा मीटरच्या आसपास, शेपूट वेगळी. म्हणजे अख्खा बिबट्या आणि त्याच्या भोवतीचं थोडं जंगल नीट मावतं. तीच चौकट ६०० वर १.१७ मीटर होते. मग शेपूट कापा नाहीतर डोकं! एवढे पैसे मोजून अर्धा बिबट्या घरी न्यायचा, हा कुठला व्यवहार?

झालानात खरी अडचण अंतराची नाही, उजेडाची आहे. बिबट्या बाहेर पडतो तो उन्हं कलल्यावर, आणि बसतो सावलीत. १५०-६०० प्रकारच्या लेन्सचं छिद्र ६०० वर एफ ६.३ च्या वर उघडत नाही. एफ ४ ची लेन्स तिच्या जवळजवळ अडीचपट उजेड आत घेते. म्हणजे जिथे ५०० व्या भागाच्या सेकंदाला आयएसओ १६०० पुरतो, तिथे मोठ्या झूमला ४००० लागतो. सुरुवातीच्या बॉडीवर ४००० ला बिबट्याच्या अंगावरचे ठिपके कुठले आणि फोटोतले दाणे कुठले, हे ओळखावं लागतं. त्यात दोन किलोचं वजन, जिप्सीत सहा माणसं आणि ट्रायपॉड उभा करायला जागा नाही. कठड्यावर तांदूळ भरलेली पिशवी ठेवा, तिच्यावर लेन्स टेकवा आणि चालकाला इंजिन बंद करायला सांगा. हे तीन उपाय स्वस्त आहेत, म्हणून त्यांची जाहिरात कुणी करत नाही.

"मोठी लेन्स असली की जवळ जायची गरज नाही, प्राण्याला त्रास होत नाही," असा एक युक्तिवाद होतो. मोकळ्या माळावर आणि पक्ष्यांच्या बाबतीत तो शंभर टक्के खरा आहे. पक्षीच टिपायचे असतील तर लांब लेन्सला पर्याय नाही. पण झालानात अंतर रस्ता ठरवतो, लेन्स नाही. आणि "अजून थोडी पुढे घे" असं चालकाच्या मागे लागणाऱ्यांत मोठ्या लेन्सवाले कमी नसतात. डोळे भरले की चौकट भरलीच पाहिजे, ही हाव लेन्सच्या लांबीने कमी होत नाही. एका बिबट्यापुढे चार जिप्सी आडव्या लागल्या की त्याचा रस्ता बंद होतो. गस्तीवर ज्याने आयुष्य काढलं त्याला तरी हे समजावं लागू नये.

दुसरी ओरड: "डीएसएलआर संपला, मिररलेसच घे." कॅनन आणि निकॉन या दोघांनी २०२० नंतर नवा डीएसएलआर आणलेला नाही, हे खरं. पण नेमकं त्यामुळेच पहिल्या कॅमेऱ्यासाठी तो चांगला सौदा आहे. लोक जुनं विकून नवं घेतात, आणि चांगल्या लेन्स बाजारात येतात. कॅननचा ईएफ माउंट १९८७ चा, निकॉनचा एफ माउंट १९५९ चा, त्यामुळे लेन्सची वानवा नाही. उद्या मिररलेस घेतलात तरी कॅननच्या ईएफ आणि निकॉनच्या एएफ-एस लेन्स अडॅप्टरवर ऑटोफोकससकट चालतात. बॉडी चार वर्षांत जुनी होते, चांगली लेन्स पंधरा वर्षं चालते. म्हणून बजेटचा एक भाग बॉडीला आणि दोन भाग लेन्सला. दुकानदार नेमकं उलटं सांगतो, कारण मेगापिक्सेलचा आकडा विकायला सोपा.

एक सावधगिरी मात्र हवी. निकॉनच्या डी३५०० किंवा डी५६०० मध्ये फोकसची मोटर नसते. त्यावर जुनी एएफ-डी लेन्स लावली तर फोकस हाताने करावा लागतो. स्वस्तात मिळाली म्हणून उचलू नका, नावात एएफ-एस किंवा एएफ-पी आहे का ते बघा.

तर माझा सल्ला असा. डी५६०० किंवा कॅनन २००डी च्या तोडीची वापरलेली बॉडी. ३५ किंवा ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स, घरासाठी. झालानासाठी हलकी ७०-३००, आणि ऐपत असेल तर वापरलेली ३०० एफ ४. जिप्सीत चढण्याआधी लेन्स लावा आणि उतरेपर्यंत बदलू नका. इथली धूळ एकदा सेन्सरवर बसली की प्रत्येक फोटोच्या आभाळात डाग दिसतात. ६०० ची हौस असेलच तर दोन दिवस भाड्याने घ्या आणि फिटवून टाका.

पेन्शनीच्या पैशातून कपाटात पडून राहणारी तोफ घेऊ नका. ३५ ची लेन्स गावच्या जत्रेत, शेतात, नातवंडांमागे वर्षभर रोज वापरली जाते, आणि हात तिथेच बसतो. हात बसलेला माणूस झालानात ३०० वर बिबट्या घेऊन जातो. न बसलेला ६०० घेऊन येतो आणि धूळ घेऊन जातो.