बेटावरचा कचरा आणि आपल्या निविदा

जपानच्या सेतो अंतर्गत समुद्रात तेशिमा नावाचे साडेचौदा चौरस किलोमीटरचे बेट आहे. 1978 मध्ये कागावा प्रांताने तिथल्या एका व्यावसायिकाला परवाना दिला, तोही गांडूळपालनाचा. कागद गिरण्यांचा गाळ, लाकडाचा भुसा, शेण असेच पदार्थ आणायचे ठरले होते. प्रत्यक्षात उतरला तो मोडीत काढलेल्या मोटारींचा श्रेडरमधला चुरा, टाकाऊ तेल आणि रासायनिक गाळ. त्यातला काही उघड्यावर जाळला, बाकीचा पुरला. गावकऱ्यांनी तक्रारी केल्या, अधिकारी पाहणी करून गेले. पण हा चुरा धातू काढण्यासाठी विकत घेतलेला माल आहे, हे व्यावसायिकाचे म्हणणे प्रांताने मान्य केले होते. अखेर 1990 मध्ये समुद्रापलीकडच्या ह्योगो प्रांताच्या पोलिसांनी छापा घातला, तेव्हा हे थांबले.

गावकरी 1993 मध्ये लवादाकडे गेले. कोहेई नाकाबो या ज्येष्ठ वकिलांनी त्यांची बाजू लढवली. 2000 मध्ये तडजोड झाली, प्रांताच्या गव्हर्नरांनी बेटावर येऊन माफी मागितली आणि गावकऱ्यांनी नुकसानभरपाईचा दावा सोडला. त्यांना बेट पूर्वीसारखे करून हवे होते. कचरा जहाजातून शेजारच्या नाओशिमा बेटावर नेऊन प्रचंड तापमानात वितळवण्यात आला. त्यातले धातू वेगळे काढले आणि उरलेली धातुमळी काँक्रीटमध्ये वापरली. हे काम 2003 ते 2017 चालले आणि सुमारे 9 लाख टन कचरा हलवला गेला. भूजलाची शुद्धी त्यानंतरही चालू राहिली. टाकायला लागली त्याहून अधिक वर्षे उचलायला लागली.

बेटाला कोपरा नसतो, म्हणून ही कहाणी आपल्या कचरा व्यवस्थापनाच्या क्षेत्रातल्या प्रत्येकाने वाचावी. आपल्या शहरात घंटागाडी वळणापलीकडे गेली की कचरा मिटला असे घरमालकाला वाटते, आणि खरे सांगायचे तर आपल्यालाही. मुंबईच्या देवनार कचराभूमीवर 1927 पासून हे 'पलीकडे' साचते आहे. बेटावर मात्र येणाऱ्या प्रत्येक वस्तूचे बोटभाडे पडते आणि परत जाणाऱ्या वस्तूचेही. त्यामुळे तिथे वस्तू जपून वापरण्याला, दुरुस्त करण्याला आणि वेळ देऊन वेगळे करण्याला पैशांतही अर्थ असतो.

असा वेळ देणे मला सर्वांत मोलाचे वाटते. डेन्मार्कच्या बॉर्नहोल्म बेटावर सुमारे 40 हजार लोक राहतात. तिथल्या कचरा जाळणाऱ्या प्रकल्पाचे आयुष्य संपत आले, तेव्हा त्यांनी नवा प्रकल्प न बांधण्याचा निर्णय घेतला आणि 2032 पर्यंत सगळा कचरा वेळ देऊन वेगळा करून पुनर्वापरात आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. नवी भट्टी बांधली की ती पेटती ठेवण्यासाठी पुढची पंचवीस-तीस वर्षे कचरा लागत राहतो. आपल्याकडे कचऱ्यापासून वीजनिर्मितीचे प्रस्ताव मंजूर करणाऱ्यांनी हा हिशेब आधी मांडायला हवा.

आपल्या निविदा मात्र उलट्या दिशेने चालतात. वाहतुकीचे दर आणि कचरा डेपोवर उतरवण्याची टिपिंग फी बहुतेकदा टनावर ठरते, म्हणजे काट्यावर जितके वजन तितके बिल. मग ओला-सुका वेगळा करून काट्यावरचे वजन घटवणाऱ्या सोसायटीमुळे कंत्राटदाराचे नुकसानच होते, आणि दारात दोन मिनिटे जास्त थांबणारा कामगार फेरी लांबवतो म्हणून ओरडा खातो. वर्गीकरण फसते ते नागरिकांच्या बेफिकिरीमुळे, हे आपले आवडते उत्तर. मला ते अर्धेच खरे वाटते. दारात वेगळा दिलेला कचरा गाडीत एकत्र होताना पाहिल्यावर कोण दुसऱ्यांदा वेगळा करील?

पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था 2008 पासून महापालिकेबरोबर काम करते. तिथल्या सदस्यांना घरोघरी सेवाशुल्क मिळते आणि वेचलेल्या सुक्या मालाच्या विक्रीचे पैसेही त्यांचेच असतात. वेगळे करण्यात त्यांचा थेट फायदा आहे आणि प्रत्येक दाराशी थांबणे हेच त्यांचे काम आहे. असा मोबदला घंटागाडीच्या कंत्राटात का बसवता येऊ नये?

नगरपालिकांतल्या अभियंत्यांना, स्वच्छता निरीक्षकांना आणि मुख्याधिकाऱ्यांना विनंती आहे. आपल्या चालू कंत्राटातले मोबदल्याचे कलम काढून पाहा. डेपोवर न गेलेल्या कचऱ्यासाठी त्यात एक रुपयाही ठेवला आहे का? कुठे ठेवला असेल, तर ते कलम आम्हाला पाठवा. पुढच्या अंकात जसेच्या तसे छापू, म्हणजे इतरांना आपल्या निविदेत घेता येईल.