कठीण विषयाची निवड

आठवीचा निकाल लागला म्हणजे शाळेच्या व्हरांड्यांत पालकांची गर्दी होते आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, "सर, कोणता विषय घेतला असतां गुण जास्त पडतील?" हा प्रश्न अयोग्य आहे असें मी म्हणणार नाहीं. मागावर उभे राहून किंवा विड्या वळून ज्यांनीं मुलांस शाळेंत धाडलें, त्यांस गुणांचें मोल कोणीं शिकवावयास नको. परंतु या प्रश्नास मीं एकदां जें उत्तर दिलें तें मला आजही सलतें, म्हणून हें लिहीत आहें.

गोष्ट २०१२ सालची. त्या वेळीं राज्य मंडळाच्या नववी-दहावींत बीजगणित व भूमिती यांऐवजीं 'सामान्य गणित' घेण्याची मुभा होती. ती आतां राहिलेली नाहीं. मी तेव्हां दुसऱ्या एका शाळेंत होतों. शहराच्या पूर्वभागांतील एका पद्मशाली कुटुंबांतला मुलगा माझ्या वर्गांत होता. घरीं तेलुगु, शाळेंत मराठी, गल्लींत कन्नड आणि उर्दू, अशा चार भाषांत लीलेनें वावरणारा हा मुलगा भूमितीच्या तासास मात्र मान खालीं घालून बसे. प्रमेयें पाठ करी आणि चांचणींत विसरे. मीं त्याच्या वडिलांस बोलावून सांगितलें, "सामान्य गणित घेऊं द्या, निर्धास्तपणें पास होईल." त्यांनीं हात जोडले. मुलगा पास झाला. गुणही बरे पडले.

निकालानंतर त्याच्या घरीं जाण्याचा प्रसंग आला. वडील जेकार्ड मागासाठीं कार्डें तयार करीत. चादरीवरची नक्षी प्रथम चौकटींच्या कागदावर मांडावयाची, कोणत्या फेऱ्यास कोणता उभा धागा उचलला जाईल याचा हिशेब करावयाचा आणि त्या हिशेबानें पुठ्ठ्याच्या कार्डांस भोंकें पाडावयाचीं, असें तें काम. मुलगा त्या कागदापुढें मांडी घालून बसला होता. मोराचें डावें अंग पाहून उजव्या अंगाच्या चौकटी तो एकही न चुकतां भरीत होता! सममिती ज्याला उमगणार नाहीं असें मीं ठरविलें होतें, तो घरच्या भाकरीसाठीं रोज संध्याकाळीं तीच वापरीत होता. त्याला भूमिती जड नव्हती. त्याच्या हाताला लागेल अशी ती मीं शिकविली नव्हती. मला पाहून तो उठला व म्हणाला, "सर, अकरावीला गणित घेऊन सायन्सला जातां येईल ना?" ती वाट मीं सुचविलेल्या विषयानेंच बंद झाली होती.

जाकार या फ्रेंच कारागिरानें १८०४ सालीं सिद्ध केलेल्या या यंत्राच्या कार्डांचीच कल्पना पुढें चार्लस् बॅबेज यानें आपल्या गणकयंत्रासाठीं घेतली. संगणकाच्या वंशावळींत आपल्या चादरीचा माग एक पूर्वज ठरतो, हें आतां मी वर्गांत सांगतों. त्या वर्षीं सांगितलें नव्हतें.

एखाद्या विषयाचें दार आपण होऊन लावून घेणें निराळें आणि दुसऱ्यानें तें लावणें निराळें. डॉ. आंबेडकर मुंबईस एल्फिन्स्टन हायस्कुलांत शिकत असतां संस्कृतचें दार त्यांस अस्पृश्य म्हणून बंद राहिलें व फारसी घ्यावी लागली. १९०७ सालीं ते मॅट्रिक झाले. परीक्षेपुरता विचार केला तर फारसीनें त्यांचें काम भागलेंच होतें. तरीही पुढें त्यांनीं स्वतःच्या परिश्रमानें संस्कृतचा अभ्यास केला, आणि शूद्रांच्या मूळाविषयींचा त्यांचा जो ग्रंथ १९४६ सालीं निघाला, त्याचा आरंभच ऋग्वेदांतील पुरुषसूक्ताच्या चिकित्सेनें होतो.

आज तेंच संस्कृत आमचीं मुलें घेतात तें बहुधा 'स्कोअरिंग' म्हणून! उत्तरें घोकून नव्वदांवर गुण मिळवितात, आणि पुस्तकाबाहेरचा एखादा सोपा श्लोक पुढें ठेवला तर अन्वय लावतां येत नाहीं. कठीण विषयांतून कठीणपणा तेवढा काढून टाकण्याचें हें कसब पाहून मी थक्क होतों.

आणि भीति तरी कशाची? २०१० सालापासून शालान्त परीक्षेची टक्केवारी सहांपैकीं उत्तम पांच विषयांवर काढतात. म्हणजे एका विषयांत उत्तीर्ण होऊन गुण कमी पडले, तरी टक्केवारीस फारसा धक्का बसत नाहीं. ही सवलत आपण नावडता विषय टाकून देण्यासाठीं वापरतों. आवडत्या पण अवघड विषयाशीं झटण्यासाठीं ती कां वापरूं नये, हें मला कळत नाहीं. हा प्रश्न यापुढें वारंवार येणार आहे. केंद्रीय मंडळानें २०२० च्या दहावीच्या परीक्षेपासून गणिताच्या दोन पातळ्या केल्या, आणि त्याच सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें सर्वच विषयांसाठीं तशी सूचना केली आहे.

अर्थात् उलट बाजूही मीं पाहिली आहे. शेजाऱ्याचा मुलगा इंजिनियर झाला म्हणून आपल्या मुलीस, तिचें मन चित्रकलेंत असतां, गणितास जुंपणारे पालक येथेंही आहेत. तिला जें स्वतःस शिकावेंसें वाटतें पण झेपेल कीं नाहीं अशी धाकधूक वाटते, तो तिचा कठीण विषय. एका वेळीं असा एक पुरे.

तो मुलगा आज संगणकावर चादरींच्या नक्षी काढतो व बरें मिळवितो. रस्त्यांत भेटला तर स्कूटर थांबवून नमस्कार करतो. मला दोष त्यानें कधीं दिला नाहीं. दिला असता तर बरें वाटलें असतें.

नववींत कोणते विषय घ्यावे याविषयीं ज्या पालकांस बोलावयाचें असेल, त्यांनीं शनिवारीं शाळा सुटल्यावर मला भेटावें. मुलास बरोबर आणावें, आणि तो घरीं रिकाम्या वेळीं काय करीत बसतो हें आधीं नीट पाहून यावें.