आधी टीएसएच तपासा, मग तिच्या स्वभावावर बोला

आपल्या चळवळीत दोन वाक्यं फार सहज बोलली जातात. पहिलं, "मन खंबीर ठेव, सगळं मनावर असतं." दुसरं, "हे सगळं व्यवस्थेनं केलंय, गोळ्या खाऊन काय होणार?" पहिलं बोलणारा स्वतःला धम्माचा अभ्यासक समजतो, दुसरं बोलणारा क्रांतिकारक. दोघांच्याही हिशेबात समोरच्या माणसाला शरीरच नाही.

डिप्रेशनचा प्रश्न शरीर वगळून सुटत नाही. शरीराची जी एक साधी तपासणी आपल्या वस्त्यांमध्ये वर्षानुवर्षं राहून जाते, ती आहे थायरॉईडची. हा विषय फक्त डॉक्टरांचा नाही. कोणाच्या थकव्याला आजार म्हणायचं आणि कोणाच्या थकव्याला आळस म्हणायचं, हा सरळसरळ जात, वर्ग आणि पुरुषसत्तेचा प्रश्न आहे.

गळ्यातली ग्रंथी, मनातलं मळभ

थायरॉईड ही गळ्यात पुढच्या बाजूला असलेली फुलपाखराच्या आकाराची छोटी ग्रंथी. ती टी-४ आणि टी-३ ही संप्रेरकं तयार करते. शरीरातल्या जवळपास सगळ्या पेशी किती वेगाने काम करतील हे त्यांच्यावर ठरतं, मेंदूच्या पेशीसुद्धा त्यात आल्या. ग्रंथी कमी पडू लागली की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी तिला जास्त जोराने हुकूम सोडते. त्या हुकुमाचं नाव टीएसएच. म्हणून थायरॉईड मंदावला की रिपोर्टमध्ये टीएसएच वाढलेलं दिसतं.

आता थायरॉईड मंदावल्याची लक्षणं बघा. सतत थकवा, जास्त झोप, कशात मन न लागणं, विचार आणि हालचाल मंद होणं, विसरभोळेपणा, वजन वाढणं. ही यादी घेऊन तुम्ही मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलात तर त्यांना डिप्रेशनचा संशय येईल, कारण त्याचीही बरीच लक्षणं हीच आहेत. थायरॉईडच्या बाजूने आणखी काही खुणा असतात. इतरांपेक्षा जास्त थंडी वाजणं, कोरडी त्वचा, केस गळणं, बद्धकोष्ठता, आवाज जाड होणं, पाळीत जास्त रक्त जाणं. याउलट ग्रंथी जास्त काम करू लागली तर धडधड, हात थरथरणं, झोप उडणं, चिडचिड, वजन घटणं सुरू होतं. त्याला आपल्याकडे "टेन्शन घेते फार" असं म्हणून मोकळं होतात.

हा संबंध काल-परवा कळलेला नाही. १८७३ साली इंग्लंडमध्ये विल्यम गल यांनी या आजाराचं वर्णन केलं. १८८८ साली लंडनच्या क्लिनिकल सोसायटीने १०९ रुग्णांचा अहवाल मांडला. त्यातल्या जवळपास निम्म्यांना भास किंवा भ्रम होत असल्याची नोंद आहे. १८९१ मध्ये जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचून एका बाईवर उपचार केले. ती पुढे २८ वर्षं जगली. १९४९ साली रिचर्ड ॲशर या डॉक्टरांनी अशा १४ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली, ज्यांना लोक वेडे समजत होते आणि ज्यांचं मूळ दुखणं थायरॉईडचं होतं. उपचारांनी त्यातले बहुतेक सुधारले.

तिकडे "वेड" म्हणून जे वेड्यांच्या इस्पितळात गेलं असतं, ते आपल्याकडे "करणी" म्हणून देवऋषीकडे गेलं असतं. आजही जातं.

आळशी कोण?

मी ज्या वस्त्यांमध्ये काम करते, तिथली एक ताई. चार घरची धुणीभांडी करायची. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिचं काम सुटलं. दिवसभर झोपून राहायची, केस मूठमूठ गळत होते, कारण नसताना रडायची. सासू म्हणाली, आळशी आहे. नवरा म्हणाला, नाटकं करते. मग कोणीतरी म्हणालं, बाहेरचं आहे, आणि लिंबू-नारळ झालं. महिला मंडळाच्या बायकांनी विहारात वंदनेला बोलावलं, तिथेही ती भिंतीला टेकून पेंगायची. दीड वर्षात कोणीही तिचं रक्त तपासलं नाही. तपासलं तेव्हा टीएसएच प्रचंड वाढलेलं निघालं.

बाळंतपणानंतरच्या वर्षात साधारण शंभरातल्या पाच बायकांच्या थायरॉईडला सूज येते. त्याच काळात बाळंतपणानंतरचं डिप्रेशनही येतं. दोन्ही एकत्रही येऊ शकतात. पण बाळंतपणानंतर सगळ्यांचं लक्ष बाळाकडे असतं, आईला विचारतो कोण?

गोळी सुरू झाल्यावर काही महिन्यांत ती उठून कामाला लागली. पण तिची सगळी उदासी गेली नाही. नवऱ्याची दारू तीच होती, बचत गटाच्या कर्जाचा हप्ता तोच होता. त्यासाठी समुपदेशन लागलं, नवऱ्याशी बोलावं लागलं, मंडळातल्या बायकांना तिच्या बाजूने उभं राहावं लागलं. आधी गोळी नसती तर या बाकीच्या लढाईसाठी तिच्या अंगात बळच आलं नसतं. आणि फक्त गोळी देऊन आम्ही निघून गेलो असतो, तर अर्धंच काम झालं असतं.

मुंबई आणि गोव्यासह देशातल्या आठ शहरांत झालेलं एक सर्वेक्षण २०१३ साली प्रसिद्ध झालं. ५,३७६ प्रौढांपैकी १०.९५ टक्के लोकांना हायपोथायरॉईडीझम आढळला. बायकांमध्ये हे प्रमाण पुरुषांच्या जवळपास तिप्पट होतं. तपासलेल्या सगळ्यांपैकी ३.४७ टक्के लोकांना आपल्याला आजार आहे हे तपासणीपर्यंत माहीतच नव्हतं. म्हणजे ज्यांना आजार होता त्यांतला जवळपास प्रत्येक तिसरा माणूस अंधारात होता. ही शहरांची गोष्ट आहे. तांड्यावर, पाड्यावर, ऊसतोडीच्या कोपीवर काय असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप आपल्याच अभ्यासू मित्रांचा. "तुम्ही जातीच्या जखमेला ग्रंथीचा आजार करून टाकता. उद्या विद्यापीठाचं प्रशासनही हेच म्हणेल, त्याला आधीपासून डिप्रेशन होतं." भीती खरी आहे. २०१६ मध्ये रोहित वेमुला गेला, तेव्हा संस्थेच्या जबाबदारीवरून लक्ष हटवून ते त्याच्या व्यक्तिगत आयुष्यावर नेण्याचे किती प्रयत्न झाले, हे आपण पाहिलं. पण याचं उत्तर आजार नाकारणं हे नाही. दमा असलेल्या माणसाला कोणी धुराच्या खोलीत कोंडलं, तर "त्याला दमा होताच" म्हणून कोंडणारा सुटतो का? उलट त्याचा गुन्हा वाढतो. आणि कोंडणाऱ्याविरुद्ध आपण लढतोय म्हणून दम्याच्या माणसाला पंप द्यायचा नाही, असंही होत नाही. निदान झालं म्हणून व्यवस्था निर्दोष ठरत नाही, आणि व्यवस्था दोषी आहे म्हणून निदान थांबत नाही.

दुसरा आक्षेप, "ध्यान करा, विपश्यना करा, गोळ्यांची गरज नाही." ध्यानाचा उपयोग अनेकांना होतो, त्याला माझा विरोध नाही. पण आनापानाने टी-४ तयार होत नाही. भिक्खूच्या चार मूलभूत गरजांमध्ये चीवर, अन्न आणि निवाऱ्यासोबत औषध आहे. विनयपिटकात औषधांवर स्वतंत्र प्रकरण आहे. भगवान बुद्धांनी आजारी भिक्खूला आनंदांच्या मदतीने स्वतः धुतलं, त्याला उपदेश देऊन घाणीत पडू दिलं नाही. जीवक हे वैद्य होते आणि संघावर उपचार करत. बाबासाहेबांना मधुमेह होता, ते डॉक्टरांचे उपचार घेत होते. "औषध घेणं म्हणजे मनाचा कमकुवतपणा" हा विचार ना बुद्धाचा आहे, ना बाबासाहेबांचा. मग तो आपल्या विहारात आला कुठून?

तिसरी गोष्ट उलट्या टोकाची आहे. एकदा थायरॉईड कळला की काही जणांना सगळीकडे थायरॉईडच दिसतो. हेही चूक आहे. डिप्रेशन असलेल्या बहुतेकांचा थायरॉईड ठीक असतो. टीएसएच थोडंसंच वाढलेलं आणि टी-४ नॉर्मल असेल, तर थायरॉईडची गोळी देऊन उदासी कमी होते असं दिसलेलं नाही. २१ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१८ साली प्रसिद्ध झाला, त्याचा निष्कर्ष हाच होता. म्हणून रिपोर्टवरच्या एका ठळक आकड्यावरून स्वतः गोळी सुरू करू नका. थायरॉईड निघाला म्हणून मानसोपचाराची गोळी स्वतःहून बंद तर मुळीच करू नका.

करायचं काय?

लक्षणं असतील तर टीएसएच आणि गरजेप्रमाणे टी-४ तपासून घ्या. सोबत हिमोग्लोबिनही बघा. एनएफएचएस-५ नुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे, आणि तोही माणसाला असंच थकवतो. घरात कोणाला थायरॉईड असेल, नुकतंच बाळंतपण झालं असेल किंवा मानसिक आजारासाठी लिथियम सुरू असेल, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. लिथियममुळे थायरॉईड मंदावू शकतो, त्यामुळे ते घेणाऱ्यांची तपासणी ठरावीक काळाने व्हावी लागते.

गोळी लागली तर ती रोज सकाळी उपाशीपोटी, फक्त पाण्यासोबत घ्यायची. चहा-नाष्टा अर्ध्या ते एक तासाने. आपल्याकडे एक घोळ नेहमी होतो. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी त्याच घोटासोबत घेतली जाते आणि थायरॉईडची गोळी नीट शोषलीच जात नाही. दोन्हींमध्ये किमान चार तासांचं अंतर ठेवा. डोस बरोबर आहे का, हे सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासून ठरतं. बरं वाटलं म्हणून गोळी सोडू नका, आणि दिवस राहिले तर लगेच डॉक्टरांना सांगा, तेव्हा डोस बहुधा वाढवावा लागतो.

मनात जीव देण्याचे विचार येत असतील तर कुठल्याही रिपोर्टची वाट पाहायची नाही. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. जवळच्या माणसाला सोबत घेऊन थेट रुग्णालयात जा.

आणि हे सगळं मेहेरबानी म्हणून मागायचं नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम १८ ने सरकारी किंवा सरकारी निधीवर चालणाऱ्या सेवेत मानसिक उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार आणि तपासण्या निःशुल्क असल्याचं शासनाने जाहीर केलं आहे. तिथे "मशीन बंद आहे, बाहेरून करून आणा" असं उत्तर मिळालं, तर ते लेखी मागा. एकटीने नाही, पाच जणींनी मिळून मागा. भूत उतरवण्याच्या नावाखाली कोणी मारहाण करत असेल, तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे.

१४ एप्रिलला आपण डीजेवर किती खर्च करतो, हे वेगळं सांगायला नको. त्यातल्या थोड्या पैशात वस्तीतल्या लक्षणं असलेल्या बायका-पोरांची रक्ततपासणी होते. त्यानंतर रिपोर्ट घेऊन त्यांच्यासोबत जिल्हा रुग्णालयाच्या रांगेत उभं राहणारे चार कार्यकर्ते लागतात. शिबिराचा फोटो टाकणं सोपं आहे, रांगेत उभं राहणं हे खरं काम आहे.

पुढच्या वेळी एखादा कार्यकर्ता बैठकांना यायचा बंद झाला, एखादी ताई दिवसभर झोपून राहू लागली, तर "चळवळीतून फुटला", "आळशी झाली" असा शिक्का मारण्याआधी त्यांच्या घरी जा. दोन प्रश्न विचारा. तुझ्यावर काय गुदरतंय? आणि तुझं रक्त तपासलंय का? दोन्ही प्रश्न विचारले पाहिजेत.

जय भीम!