सणाला या, पण उतरणार कुठे?

२०२५ साली नव्याच्या सणाआधी येथील आपल्या एका मंडळाचे परिपत्रक आमच्या घरी आले. तेफिला कोणत्या दिवशी किती वाजता, शोफार कोण फुंकणार, दारफाळणीनंतर उपास सोडण्यास काय असणार, वर्गणी किती, चेक कोणाच्या नावाने काढावयाचा, सारे तपशीलवार लिहिलेले होते. परगावच्या व परदेशच्या ज्ञातिबांधवांना अगत्याचे निमंत्रण होते. आणि अगदी तळाशी, बारीक टाइपात एक ओळ: "उतरण्याची सोय ज्याची त्याने करावी."

वाचक बंधु-भगिनींनो, मला त्या एका ओळीवर भांडावयाचे आहे.

तिश्री महिन्यात न्यूयॉर्क शहरात ज्याची त्याने सोय करणे म्हणजे काय, हे ती ओळ लिहिणाऱ्यास ठाऊक नसेल असे नाही. त्या वर्षी नव्याचा सण २२ सप्टेंबरच्या संध्याकाळी लागला आणि २३ सप्टेंबरला संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेत राष्ट्रप्रमुखांची भाषणे सुरू झाली. म्हणजे साऱ्या जगाचे प्रधान, त्यांचे सचिव, त्यांचे अंगरक्षक आणि अश्दोदहून आलेल्या आपल्या आत्याबाई, सर्वांना एकाच आठवड्यात एकाच शहरात खोली पाहिजे! सण लवकर आला तर फ्लशिंगला टेनिसचे सामने नुकतेच आटोपलेले असतात किंवा चालू असतात. लग्नकार्ये आपण डिसेंबरात काढतो, तर तेव्हा नाताळचे दिवे पाहावयास अर्धी दुनिया लोटते. आपले सण आणि आपली लग्ने नेमकी हॉटेलवाल्यांच्या सुगीत येतात.

आता हिशेब करा. समजा, तीनशे डॉलरची खोली मिळाली. या शहरात हॉटेलच्या खोलीवर सगळे कर मिळून १४.७५ टक्के, शिवाय दर रात्रीचे साडेतीन डॉलर. झाले ३४७ डॉलर ७५ सेंट. नव्याच्या सणापासून दारफाळणीपर्यंत राहावयाचे म्हणजे अकरा रात्री. बेरीज ३,८२५ डॉलर! कित्येक हॉटेले त्यावर आणखी 'सोयीसुविधांचे' पैसे लावतात. मे २०२५ पासून केंद्र सरकारच्या नियमाने ते पैसे पहिल्या किमतीतच दाखवावे लागतात हे खरे. पण दाखविले म्हणून कमी थोडेच होतात? डिमोनाच्या गिरणीतून निवृत्त झालेल्या माणसाने हे पैसे कोठून आणावयाचे?

हे दर का चढले तेही थोडक्यात सांगतो. डिसेंबर २०२१ पासून शहरात नवे हॉटेल बांधावयाचे तर खास परवानगी लागते. २०२२ पासून आश्रयास आलेल्या लोकांसाठी नगरपालिकेने हॉटेलेच्या हॉटेले भाड्याने घेतली. प्रसिद्ध रूझवेल्ट हॉटेल मे २०२३ ते जून २०२५ पर्यंत त्याच कामी होते. त्या बिचाऱ्यांना मी दोष देत नाही. आपणही बोचकी घेऊनच आलेली माणसे. तिसरे कारण महत्त्वाचे आहे. ५ सप्टेंबर २०२३ पासून 'लोकल लॉ १८' या कायद्याची अंमलबजावणी सुरू झाली. तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीसाठी घरातील जागा पैसे घेऊन द्यावयाची असेल तर आता नगरपालिकेत नोंदणी पाहिजे, घरमालकाने त्याच घरात राहावयास पाहिजे, पाहुणा असताना हजर असावयास पाहिजे, आणि पाहुणे दोनच. आई-बाप व दोन मुले हा सरळ हिशेबही त्यात बसत नाही. एअरबीएनबीवर पूर्वी हजारोंनी मिळणाऱ्या जागा एका महिन्यात दिसेनाशा झाल्या.

कायदा वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. राहत्या घरांची हॉटेले झाल्याने येथील भाडेकरूंना जागा मिळेनाशी झाली होती. पण उघडा दरवाजा बंद झाला की लोक खिडकीने शिरतात.

माझी मावसबहीण व तिचे यजमान त्याच वर्षी अश्दोदहून सणाला आले. भावोजींचे गुडघे गेलेले. फोनवरच्या कुठल्याशा ग्रुपमध्ये त्यांना क्वीन्समध्ये नव्वद डॉलरची खोली सापडली. "सबवेपासून पाच मिनिटे." फोटोत पलंग, टेबल, खिडकीला फुलाफुलांचा पडदा. चार रात्रींचे पैसे आगाऊ, तेही फोनवरून परस्पर. येऊन पाहतात तो तळघर. पडदा खरा होता. त्यामागे भिंत होती. जिना एकच, आणि बॉयलर त्या जिन्यालगत. सबवे पाच मिनिटांवर होती ती मोटारीने. पैसे परत मागितले तर फोन बंद.

यात हसण्यासारखे काही नाही. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री, नव्याच्या सणाला पाच दिवस असताना, 'आयडा' वादळाचा पाऊस या शहरावर कोसळला. सेंट्रल पार्कात एका तासात ३.१५ इंच. मुंबईकरास हा आकडा मोठा वाटणार नाही, पण या शहराच्या गटारांना तो पेलला नाही. शहरात तेरा माणसे मेली, त्यांतील अकरा तळघरांतल्या बिऱ्हाडांत. बहुतेक क्वीन्समध्ये, म्हणजे आपण जेथे राहतो तेथेच. पाणी जिन्यावरून आत येते, त्या दाबाने दार उघडत नाही, खिडकी असलीच तर वीतभर. असल्या जागेत भावोजींना तो गुडघा घेऊन आम्ही चार रात्री निजू दिले असते काय?

आम्ही म्हणजे मी. माझे घर तेथून चार स्थानकांवर. मी त्यांना "आमच्याकडे उतरा" असे म्हटलेच नव्हते. "काय, सोय झाली ना?" एवढे फोनवर विचारले, आणि "झाली" ऐकताच मला बरे वाटले. परिपत्रकातली ती ओळ मी छापली नाही, पण तोंडाने बोललो तीच.

माझे लहानपण डोंगरीस गेले. १९५० नंतरची ती वर्षे. आमची खोली दहा बाय बारा. सणाच्या आदल्या दिवशी रेवसहून लाँच भाऊच्या धक्क्याला लागली की नागाव, चौल, अलिबागची माणसे वळकट्या घेऊन यावयाची. कोणी विचारून येत नसे. पुरुष गॅलरीत, बायकामुले आत. सकाळी सगळे मिळून सॅम्युअल स्ट्रीटवरच्या जुन्या मशिदीत. सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ साली स्थापन केलेली 'शाआर हारहमीम' ती हीच. धोबी तलावावरून जाताना गोवेकरांचे 'कूड' दिसत. एकेका गावाचा एकेक क्लब, गावच्या माणसाला थोडक्या पैशांत पथारी टाकावयास जागा आणि ट्रंक ठेवावयास कोपरा. बोटीवर चढणारा खलाशी मुंबईत उतरला की कोठे जावयाचे हे त्याला आईच्या पोटातून ठाऊक.

हे लिहिताना डोळे ओले करून "गेले ते दिवस" म्हणण्याचा माझा मुळीच इरादा नाही. त्या दहा बाय बाराच्या खोलीत चौदा माणसांचा स्वयंपाक माझी आई करीत असे, तोही चार बिऱ्हाडांत एक नळ असताना. बाबा फक्त "या, बसा" म्हणत. दारफाळणीचा उपास तिचाही असे. आज आपल्या मुली-सुना नोकरी करून घर चालवितात. त्यांच्या डोक्यावर पुन्हा ते ओझे टाकावे असे मी म्हणणार नाही. म्हणून मी पाहुणचार मागत नाही, व्यवस्था मागतो. एक खोली, एक किल्ली, एक चादर. जेवण मंडळाकडे. चादरी धुण्याचे काम घरातल्या पुरुषाने करावे. यंत्र तळमजल्यावर असतेच.

"कायद्याची भानगड होईल," असे एक गृहस्थ मला म्हणाले. 'लोकल लॉ १८' हा पैसे घेऊन जागा देण्याविषयी आहे. आपल्या घरात, आपण असताना, एक पैही न घेता सणाचा पाहुणा ठेवणे हे भाड्याने देणे नव्हे. आणि जे अख्खा महिनाभर राहावयास येतात, त्यांनी तीस दिवसांचा करार करून रीतसर जागा घ्यावी. त्या मुदतीला हा कायदा लागत नाही. फक्त कागद पाहा, आणि जागा पाहिल्याशिवाय फोनवरून पैसे पाठवू नका. इकडच्या कोणाला तरी आधी पाहून येण्यास सांगा. त्यात एक संध्याकाळ जाते, दुसरे काही नाही.

दुसरे म्हणतात, "दिवस वाईट आहेत, अनोळखी माणूस घरात कसा घ्यावा?" दिवस वाईट आहेत हे मी नाकारीत नाही. २७ ऑक्टोबर २०१८ रोजी पिट्सबर्गच्या सिनेगॉगात अकरा माणसे मारली गेली, तेव्हापासून आमच्या दारावरही पहारा असतो. पण आपल्यात अनोळखी कोण? पेणकर, रोहेकर, नागावकर, चेऊलकर. आडनाव ऐकले की गाव कळते, गाव कळले की तिसऱ्या वाक्याला नाते निघते. नाहीच निघाले तर ज्या मशिदीचा सभासद असेल तेथील मुकादमाला एक फोन.

सर्वांची सोय घरांत होणार नाही, हेही मला कळते. त्यांच्यासाठी मंडळाने एक यादी छापावी. अमुक हॉटेल 'जवळ' आहे असे हॉटेलवाला म्हणतो. पण कशाच्या जवळ? मास्पेथमध्ये खोल्या स्वस्त दिसतात, कारण तेथे सबवेच नाही. केनेडी विमानतळाभोवतालची हॉटेले नकाशावर बरी वाटतात. रोज एअरट्रेनने जाण्यायेण्याचे भाडे जमेस धरा, एका फेरीस आठ डॉलरांहून अधिक, मग बोला. लागार्डियाजवळ उतरणाऱ्यास जॅक्सन हाइट्सपर्यंत फुकट बस आहे. तेथून ई, एफ, आर आणि ७ नंबरच्या गाड्या, आणि लिफ्टही आहे. लिफ्टचे महत्त्व गुडघेवाल्यांस विचारा; ४७२ स्थानकांपैकी निम्म्यांवरही ती नाही. फॉरेस्ट हिल्सच्या ७१ अॅव्हेन्यूला आहे. लाँग आयलंड सिटीत गॅरेजांच्या मधोमध बरीच नवी हॉटेले आहेत, रस्ता रात्री सुनसान असतो. परंतु कोर्ट स्क्वेअरहून ७ नंबरने ग्रँड सेंट्रल तिसरे स्थानक. तेफिला मॅनहॅटनमध्ये असेल तर नदीपलीकडे जर्सी सिटीत जर्नल स्क्वेअरजवळ उतरणेही वाईट नाही, तेथून पाथची गाडी आहे. मात्र क्वीन्सच्या तेफिलेस तेथून येऊ नये, उपाशीपोटी गाडी बदलावी लागते. सणाच्या दिवशी गाडीत बसावे की न बसावे या वादात मी शिरत नाही. न बसणाऱ्यांस चालत जाता येईल एवढ्या अंतरावरच्या घरांतील खोल्या आधी त्यांनाच द्याव्यात, एवढेच म्हणतो.

एवढी यादी करावयास काय लागते? न्यूयॉर्कच्या हार्लेममधील व्हिक्टर ग्रीन नावाच्या एका पोस्टमनने १९३६ साली अशी यादी छापली. काळ्या प्रवाशास हॉटेलात उतरू देत नसत, म्हणून कोठे उतरता येईल त्याचे पुस्तक. पहिल्या वर्षी फक्त न्यूयॉर्कपुरते, पुढे साऱ्या देशाचे. ज्या गावात एकही हॉटेल त्यांना घेत नसे, तेथे खोली देणाऱ्या सामान्य घरांचे पत्ते त्यात असत. जवळजवळ तीस वर्षे ते निघाले. पोस्टमन नोकरी सांभाळून ते करी. आणि लाफायेट स्ट्रीटवर आज जे पब्लिक थिएटर आहे, ती जुनी अ‍ॅस्टर लायब्ररी १९२० साली 'हायस' या यहुदी संस्थेने विकत घेतली, बोटीवरून उतरलेल्यांना निजावयास खाटा, कोशेर जेवण व तेफिलेस जागा देण्यासाठी. आपण इमारत घेऊ शकत नाही. सणाची तेफिला आपण उसन्या जागेत करतो. परंतु एक पान?

ते पान जूनमध्ये निघावयास पाहिजे, सप्टेंबरात नव्हे. कोणाच्या घरी किती खाटा, किती जिने, लिफ्ट आहे की नाही, कोणते स्थानक, चालत किती मिनिटे. आणि ही मिनिटे म्हाताऱ्या माणसाच्या पायाने मोजलेली असावीत. दारफाळणीला रात्री पंचवीस तासांचा उपास सोडून सत्तरी उलटलेली माणसे फलाटावर ताटकळत असतात, हे मंडळाच्या चिटणिसांनी एकदा उभे राहून पाहावे. दुसऱ्या दिवशी शिळा सण. एकमेकांच्या घरी जाण्याची आपली रीत. ज्यांना घरी उतरू दिले नाही त्यांच्याकडे शिळ्या सणाला जावयाचे ते कोठे, हॉटेलच्या लॉबीत?

यंदाच्या पानावर माझे नाव घालावे. दोघांची सोय आहे. मुलाची खोली, खिडकी रस्त्याकडे, खरी. लिफ्ट आहे, पण अधूनमधून बंद पडते, आणि मग तीन जिने चढावे लागतात. स्थानक माझ्या पायाने अकरा मिनिटे, भावोजींच्या पायाने एकोणीस, त्यांनीच मोजली. तळघरातून ते दुसऱ्याच दिवशी सकाळी आमच्याकडे आले, तेव्हा.