प्रसंगपट आणि प्रदेश : संगणकीय युद्धखेळातील खानदेश

मराठीतील ऐतिहासिक वाङ्मयाचा विचार बहुधा बखर, पोवाडा, कादंबरी आणि नाटक या चार प्रकारांच्या आधारे केला जातो. इतिहासाला कथारूप देणारे आणखी एक साधन गेल्या पाव शतकात तरुण वर्गाच्या हाती आले आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी मात्र त्याची फारशी दखल घेतलेली नाही. संगणकावरील युद्धनीतीच्या खेळांसोबत जो 'एडिटर' मिळतो, तो हे साधन होय. त्याच्या साहाय्याने खेळणारा स्वतःच नकाशा रेखाटतो, त्यावर गावे, नद्या, गड व सैन्ये मांडतो आणि कोणत्या घटनेनंतर कोणती घटना घडावी याचे नियम लिहितो. अशा रचनेला खेळाडू 'सिनॅरिओ' म्हणतात. मराठीत तिला 'प्रसंगपट' म्हणता येईल. हा प्रकार वाङ्मयीन चिकित्सेला पात्र आहे आणि ती चिकित्सा न झाल्यास खानदेशसारख्या प्रदेशाचे त्यात नुकसान आहे, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रथम साधनाचे स्वरूप पाहू. 'एज ऑफ एम्पायर्स' हा खेळ १९९७ मध्ये आला आणि त्याचा दुसरा भाग १९९९ मध्ये. दुसऱ्या भागाच्या एडिटरमध्ये 'ट्रिगर' ही सोय प्रथम आली. प्रत्येक ट्रिगरचे दोन भाग असतात : अट आणि परिणाम. घोडदळ नदीच्या उतारापाशी पोचले, ही अट. पलीकडच्या गावाने वेस लावून घेतली, हा परिणाम. एका ट्रिगरचा परिणाम दुसऱ्याला जागृत करू शकतो आणि अशा साखळीतून कथानक सिद्ध होते. व्याकरणाच्या परिभाषेत बोलायचे तर कादंबरीकार भूतकाळात लिहितो, प्रसंगपटकार संकेतार्थात लिहितो. 'झाले' या क्रियापदाऐवजी 'असे झाले तर' हे त्याच्या वाक्याचे मूळ रूप असते. इतिहासाच्या निवेदनात हा फरक किरकोळ नाही.

पटावर अर्थ मांडण्याची कल्पना मराठी परंपरेला परकी नाही. मोक्षपटाच्या घराघरांत पुण्यपापांची नावे असतात, शिडी आणि साप यांतून कर्मफलाचा विचार खेळणाऱ्याच्या हाताला कळतो. हा पट ज्ञानेश्वरांनी रचला अशी पारंपरिक समजूत आहे. ती ऐतिहासिकदृष्ट्या सिद्ध झाली नसली, तरी पट हे उपदेशाचे वाङ्मयीन माध्यम मानले जात होते एवढे त्यातून स्पष्ट होते. प्रसंगपटाचे अधिक जवळचे नाते मात्र बखरीशी आहे. बखरकार घटना निवडतो, पात्रांच्या तोंडी भाषणे घालतो आणि कोणाच्या तरी बाजूने लिहितो. प्रसंगपटकारही नेमके हेच करतो. भेद एवढाच की बखरकाराची बाजू त्याच्या भाषेत उघड दिसते, तर प्रसंगपटातील बाजू पुष्कळदा खेळ बनवणाऱ्या कंपनीने आधीच ठरवलेल्या नियमांत दडलेली असते. चिकित्सेची गरज येथे उत्पन्न होते.

ही गोष्ट खानदेशच्या संदर्भात तपासता येते. आजचे जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे आणि मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूरचा परिसर मिळून जो ऐतिहासिक खानदेश होतो, त्याला बाजारातील खेळांत अगदीच स्थान नाही असे नव्हे. २०१३ च्या 'युरोपा युनिव्हर्सालिस'च्या चौथ्या भागात फारुकी राजवटीचा खानदेश स्वतंत्र राज्य म्हणून निवडता येतो. 'एज ऑफ एम्पायर्स'च्या दुसऱ्या भागाला २०२२ मध्ये जी भारतविषयक जोड मिळाली, तीत मात्र हिंदुस्तानी, गुर्जर, बंगाली व द्रविड असे गट आले, दख्खनला स्वतंत्र गट मिळाला नाही. म्हणजे या खेळात खानदेश आणायचा तर तो कोणीतरी एडिटरमध्ये बसून रचावा लागतो. आणि रचू लागताच साधनाचे संकेत आडवे येतात.

पहिला संकेत भूमीचा. या खेळात शेत लाकूड खर्चून तयार होते, त्याला पाणी लागत नाही. नदी ही केवळ अडथळा किंवा नौकेचा मार्ग असते. ऋतू नाहीत. याउलट धुळे जिल्ह्यातील पांझरेच्या खोऱ्यात बंधारे आणि पाट यांच्या आधाराने शतकानुशतके फड पद्धती चालत आली. फडात कोणते पीक घ्यायचे आणि पाण्याची पाळी कोणाची, हे शेतकरी सामुदायिकरीत्या ठरवत आणि पाटकरी त्याप्रमाणे पाणी फिरवी. गावाची सत्तारचनाच पाण्याभोवती उभी होती. पावसाळ्यात तापी दुथडी भरली की मोहिमा थांबत आणि दसऱ्यानंतर पुन्हा सुरू होत. ज्या पटावर पाणी शेतापर्यंत जात नाही आणि आषाढ येत नाही, त्यावर तापी नावाची निळी रेघ काढल्याने खानदेश साकार होत नाही. कुशल रचनाकार ट्रिगरच्या आधारे ठरावीक कालावधीनंतर उतार बंद करू शकतो, बंधारा फुटल्यास शेते नाहीशी करू शकतो. त्यासाठी त्याला प्रदेश वाचता यावा लागतो. तंत्राची माहिती त्याला पुरेशी नसते.

दुसरा संकेत कर्तेपणाचा, आणि तो अधिक गंभीर आहे. या खेळाच्या पटावर जास्तीत जास्त आठ खेळाडू असतात. जे कोणाचेच नाही, ते सारे 'गाया' या नवव्या, निष्क्रिय नावावर जमा होते. झाडे, खाणी, लांडगे आणि मेंढ्या गायाच्या असतात. मेंढी ज्या खेळाडूच्या प्रथम दृष्टीस पडते त्याची होते. सातपुड्याचा पट मांडणाऱ्यापुढे प्रश्न उभा राहतो : भिल्लांना कोठे ठेवायचे? बाजारात मिळणाऱ्या गटांत त्यांच्यासाठी नाव नाही. सोपा मार्ग म्हणजे त्यांना जंगलासोबत गायाच्या खात्यावर टाकणे, किंवा व्यापारी तांड्यांवर धाड घालणारी एक निनावी टोळी म्हणून उभे करणे. वसाहतकालीन दप्तरांनी नेमके हेच केले होते. १८१८ नंतर खानदेशचा कारभार हाती घेतलेल्या कंपनी सरकारला भिल्ल हा 'उपद्रव' वाटला आणि १८२५ मध्ये जेम्स आउट्रमच्या हाताखाली भिल्ल कोअर उभी राहिली, तेव्हा त्याच माणसांना शिपाई म्हणून सरकारी खात्यावर चढवण्यात आले. त्यांच्या इच्छेला दोन्ही नोंदींत जागा नव्हती.

खाज्या नाईकाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. सेंधवा घाटाच्या रखवालीची कंपनीची नोकरी त्याने केली होती. १८५७ मध्ये तो बंडात उतरला आणि १८५८ मध्ये सातपुड्यात अंबापाणीची लढाई झाली. एडिटरमध्ये सैनिकाची मालकी बदलण्यासाठी एक परिणाम पुरतो. रंग बदलतो आणि काम संपते. रखवालदार बंडखोर का झाला, हे मात्र त्या परिणामामागे कोणती अट लिहिली आहे त्यावर अवलंबून असते. अट 'दहा मिनिटे झाली' अशी असेल, तर ते बंड निव्वळ नैसर्गिक आपत्ती ठरते. अट नोकरी, वहिवाट आणि मानापमान यांच्याशी जोडली, तर तेच बंड निर्णय ठरतो. दोन्ही पटांत लढाई एकच दिसेल. इतिहास मात्र दोन असतील. समीक्षकाने वाचावयाचे ते येथे.

प्रसंगपटाचे सामर्थ्यही याच ठिकाणी दिसते. अकबराने १६०० मध्ये बऱ्हाणपूर घेतले आणि अशीरगडाला वेढा घातला. जानेवारी १६०१ मध्ये गड पडला आणि फारुकी राजवट संपली. तो कसा पडला याविषयी साधनांत एकवाक्यता नाही. अबुल फजल व फैजी सरहिंदी यांच्या वृत्तांतांत गडावरील दाटी आणि रोगराई यांना महत्त्व आहे. अकबराच्या छावणीत असलेल्या जेझुइट पाद्र्यांच्या वृत्तांतात, बोलणीसाठी गडाखाली आलेल्या बहादूरखानाला विश्वासघाताने अडकवले आणि पुढे द्रव्याने गड फोडला, अशी कथा येते. व्हिन्सेंट स्मिथने दुसरी बाजू स्वीकारली, नंतरच्या अभ्यासकांनी त्यावर आक्षेप घेतले. कादंबरीकाराला यांतील एक वाट निवडावी लागते आणि दुसरी प्रस्तावनेत सांगावी लागते. प्रसंगपटात दोन्ही वाटा खुल्या ठेवता येतात. गडावरील माणसांची संख्या एका मर्यादेपलीकडे गेली तर साथ सुरू होईल. खजिना एका रकमेपर्यंत पोचला तर दरवाजा उघडेल. खेळणारा एकदा एका वृत्तांतातून जाईल, पुन्हा दुसऱ्यातून. साधनांतील मतभेद वाचकाला प्रत्यक्ष अनुभवावयास लावणारे दुसरे कथामाध्यम सहज सापडणार नाही.

तिसरा संकेत विजयाचा. पट संपतो तो कोणीतरी जिंकल्यावर. धुळे जिल्ह्यात तापीकाठी असलेल्या थाळनेरचा १८१८ चा प्रसंग या संकेताची परीक्षा पाहणारा आहे. मंदसोरच्या तहाने होळकरांनी हा मुलूख कंपनीला दिला होता, पण किल्लेदाराने गड सोडला नाही. सर टॉमस हिस्लॉपच्या फौजेने बाहेरचे दरवाजे घेतले. आतल्या दरवाज्यापाशी बोलणी चालू असता गोंधळ उडाला, इंग्रज अधिकारी मारले गेले, त्यानंतर शिबंदीची कत्तल झाली आणि किल्लेदाराला फाशी देण्यात आली. शरणागतीच्या अटी आतल्यांना कळल्या होत्या की नाही, हा प्रश्न पुढे वादाचा राहिला आणि पार्लमेंटातही हिस्लॉपच्या या कृतीविषयी बोलले गेले. या पटावर 'विजय' हा शब्द केव्हा उमटावा? गड पडल्यावर उमटला, तर पट हिस्लॉपच्या खलित्याची पुनरावृत्ती करतो. किल्लेदाराच्या बाजूने खेळ मांडला आणि जिंकण्याची वाटच ठेवली नाही, तर खेळणारा एका भाषिक गैरसमजाच्या किमतीपाशी येऊन थांबतो. शोकात्मिकेची ही शक्यता आहे आणि ती एडिटरच्या मर्यादेत राहूनही साधता येते.

दोन आक्षेप अपेक्षित आहेत. युद्ध व कत्तल यांचा खेळ करणे अनुचित आहे, हा पहिला. पोवाड्याविषयी आणि रंगभूमीवरील लढायांविषयीही तो घेता येईल. रंजनाने घटनेची तीव्रता मारली की वाढवली, याचा निवाडा कृतिगणिक करावा लागतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हे साधन परदेशी कंपनीच्या मालकीचे आहे, आवृत्ती बदलली की रचना निकामी होऊ शकते, आणि अशा नाशवंत वस्तूवर अभ्यासाची इमारत उभारता येत नाही. हा धोका खरा आहे. तथापि नाटकाचा प्रयोग तेवढाच नाशवंत असतो. टिकते ती संहिता. प्रसंगपटाची संहिता, म्हणजे नकाशाचे वर्णन, अटी व परिणामांची यादी, संवाद आणि प्रत्येक निर्णयामागील आधार, कागदावर लिहून ठेवता येते. किंबहुना तशी संहिता नसेल तर त्या रचनेला अभ्यासाच्या कक्षेत घेऊच नये.

आधाराचा हा आग्रह खानदेशात नवा नाही. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड १८९८ मध्ये काढणाऱ्या वि. का. राजवाडे यांचे १९२६ मध्ये धुळ्यातच निधन झाले आणि त्यांच्या संग्रहासाठी १९२७ मध्ये तेथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. बखरींना अस्सल पत्रांच्या कसोटीवर घासण्याची शिस्त ज्यांनी लावली, त्यांची कागदपत्रे ज्या गावी जपली गेली, तेथील विद्यार्थ्याने थाळनेरचा पट रचताना कंपनीच्या खलित्यापलीकडे जाऊन साधने शोधावीत, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

उत्तर महाराष्ट्रातील मराठी विभागांना या दिशेने एक मर्यादित प्रयोग करता येईल. पदव्युत्तर वर्गात बखर वाङ्मय शिकवताना लघुप्रबंधाला पर्याय म्हणून एक प्रसंगपट आणि त्याची सटीप संहिता स्वीकारावी. संवादांत अहिराणीला मुभा असावी. परीक्षण करताना चित्रांच्या झगमगाटाला गुण देऊ नयेत. भूमी कोणत्या आधारे रेखाटली, खेळाडूंत कोणाला स्थान दिले, गायाच्या खात्यावर कोणाला टाकले आणि विजयाची अट कोणी ठरवली, हे चार प्रश्न विचारावेत. हेच प्रश्न बखरीला आणि ऐतिहासिक कादंबरीलाही विचारता येतात. ते तेथे विचारण्याची सवय विद्यार्थ्याला लागली, तरी प्रयोगाचे सार्थक होईल. अन्यथा सातपुडा कोणीतरी रचीलच; त्या पटावर माणसे असतील की केवळ झाडे, हे मात्र दूरच्या कोणा रचनाकाराच्या सोयीवर राहील.