झाडे वाचली, पहारा उठवू नका!

भोपाळच्या हबीबगंज स्थानकाला २०२१ च्या नोव्हेंबरात राणी कमलापतीचे नाव मिळाले. पाटी बदलली, तरी जुन्या रहिवाशांच्या तोंडी हबीबगंजच आहे. तेथून जवळच शिवाजीनगर आणि तुलसीनगर या शासकीय वसाहती आहेत. जुनी घरे, मोकळी अंगणे आणि त्यांवर छत्र धरून उभे असलेले कडुनिंब-पिंपळ! २०२४ च्या जूनमध्ये या वसाहती हटवून तेथे मंत्र्यांचे व आमदारांचे बंगले बांधण्याचा घाट घातला गेला. त्यापायी सुमारे २९ हजार झाडांवर कुऱ्हाड चालणार, हे उघड झाले. त्याच महिन्याच्या ५ तारखेला, आईच्या नावाने एक झाड लावा, अशी देशव्यापी हाक दिल्लीहून दिली गेली होती. मातृभक्तीचा हा असा कोणता प्रकार, हे शासनकर्त्यांनाच ठाऊक!

नागरिक स्वस्थ बसले नाहीत. स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. त्यांनी बुंध्यांना रक्षासूत्रे बांधली, झाडांना मिठ्या मारल्या. थोड्याच दिवसांत नगरविकासमंत्री कैलाश विजयवर्गीय यांना प्रस्ताव फेटाळल्याची घोषणा करावी लागली. मात्र त्याच घोषणेत पर्यायी जागांचा शोध सुरू असल्याचेही म्हटले होते. जागा बदलली, म्हणून कुऱ्हाडीची धार बोथट होते काय?

तोडलेल्या झाडांच्या चौपट रोपे लावू, हे आश्वासन प्रत्येक तोडीबरोबर येते. आम्हांला हा हिशेब मुळातच मान्य नाही. अर्धशतक उभा असलेला वृक्ष आज सावली देतो, आज पाखरांना आसरा देतो, आज पावसाचे पाणी जमिनीत मुरवतो. वीतभर रोप हे सारे कधी करील? तेही जगले तर!

पण दोष केवळ शासनाच्या माथी मारून नागरिकांची सुटका नाही. भोपाळचा मोठा तलाव परंपरेने राजा भोजाच्या नावावर, अकराव्या शतकातला. २००२ मध्ये तो रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ठरला. २००९ मध्ये तो आटला, तेव्हा हजारो नागरिकांनी श्रमदानाने गाळ उपसला. शाबास! परंतु ज्या तलावाचे पाणी प्यायचे, त्यातच सांडपाणी सोडणारेही याच नगराचे रहिवासी. संकटकाळी घमेले उचलणे त्यामानाने सोपे. वर्षभर आपल्या घरचे गटार कोठे जाते याची चौकशी करणे अवघड, आणि त्यात हारतुरेही नाहीत.

सीमाभागातील वाचकहो, बेळगावकरांची तहान भागवणारे राकसकोप आपल्याही उशाशी आहे. मध्य प्रदेशात नागरी वृक्षांच्या रक्षणाचा कायदा २००१ चा. महाराष्ट्रात तो १९७५ चा, कर्नाटकात १९७६ चा. कायदे आहेत, पण झाड आडवे झाल्यावर केलेला अर्ज कोण वाचणार? तोडीची कुणकुण लागताच लेखी हरकत द्या, पोच घ्या, चार शेजाऱ्यांच्या सह्या घ्या. आणि उद्या सकाळी आपल्या गल्लीतील झाडाचा बुंधा पाहा. दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्येच दिला होता. आपल्या दारच्या झाडाचा गळा फरशीने आवळला असेल, तर तेवढी फरशी उखडायला कोणत्या मंत्र्याची परवानगी हवी, हे नगरपालिकेत जाऊन विचारा.