सोवळ्यातली पुस्तके

दिवाळी अंक म्हणजे फराळाच्या ताटाशेजारी ठेवायची एक निरुपद्रवी वस्तू, अशी आपली समजूत असते. १९६२ सालच्या दिवाळीत ‘रंभा’ मासिकाच्या अंकाने ती खोटी ठरवली. त्या अंकात चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा आली, आणि ती अश्लील आहे म्हणून लेखक, प्रकाशक आणि विक्रेता असे तिघेही पुण्याच्या न्यायालयात आरोपी म्हणून उभे राहिले. खालच्या कोर्टाने त्यांना सोडले. उच्च न्यायालयाने मात्र लेखकाला व प्रकाशकाला प्रत्येकी २५ रुपये दंड केला, आणि त्यांच्या ताब्यातील अंक नष्ट करण्याचा हुकूम दिला. २५ रुपये ही काही घर बुडवणारी रक्कम नव्हे. पण लेखक दंड निमूटपणे सोसून बसला नाही. तो थेट दिल्लीपर्यंत गेला, आणि २५ ऑगस्ट १९६९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला दोषमुक्त केले. कादंबरीत शरीरसंबंधाचा नुसता उल्लेख आला की ती कोवळ्या वयाला वर्ज्य, असे धरले तर ह्या मुलांना निव्वळ धार्मिक ग्रंथांवरच भागवावे लागेल, अशा आशयाचे न्यायमूर्तींचे म्हणणे पडले.

‘श्यामा’ ही थोर कथा होती असे माझे मुळीच म्हणणे नाही. पण त्या खटल्याचा मला आज चक्क हेवा वाटतो. आरोप उघड होता, आरोप करणारा समोर होता, आणि निकाल पटला नाही तर वरच्या दाराची कडी वाजवता येत होती. आजकाल पुस्तकांवर जे चालले आहे, त्याला दारच नाही.

माझी नात रोआल्ड डाल ह्या इंग्रज लेखकाची पुस्तके आवडीने वाचते. हा गृहस्थ १९९० साली वारला. २०२३ च्या फेब्रुवारीत उघडकीस आले की पफिन ह्या त्याच्या प्रकाशनसंस्थेने नव्या आवृत्त्यांत शेकडो ठिकाणी शब्द बदलले आहेत. खादाड पोरगा ‘लठ्ठ’ होता तो ‘प्रचंड’ झाला. म्हणजे वजन तेवढेच, फक्त शब्द सोवळा! चेटकिणी टकल्या असतात म्हणून केसांचा टोप घालतात, ह्या मजकुरापाशी, बायका इतर कारणांनीही टोप घालतात व त्यात काही गैर नाही, असा बोध घुसडला गेला. ‘माटिल्डा’ पुस्तकातली चिमुरडी वाचता वाचता जग हिंडते. मुळात ती किपलिंगबरोबर हिंदुस्थानात येत असे. शुद्ध केलेली माटिल्डा त्याऐवजी स्टाइनबेकबरोबर कॅलिफोर्नियाला जाते. आता किपलिंगशी भांडण असायचे तर ते आमचे! तो जन्मला १८६५ साली आमच्या मुंबईत, जे. जे. कलाशाळेच्या आवारात, आणि पुढे साम्राज्याचे गोडवे त्याने आमच्याच डोक्यावर बसून गायले. त्या भांडणात आमच्या वतीने परस्पर तडजोड करण्याचे वकीलपत्र ह्या लंडनच्या मंडळींना कोणी दिले?

लेखकाने स्वतः बदल करणे निराळे. ह्याच डालच्या १९६४ च्या चॉकलेट कारखान्याच्या गोष्टीत कामगार म्हणून आफ्रिकेतले बुटके लोक होते. टीका झाली, आणि १९७३ मध्ये त्याने स्वतःच्या हाताने ते बदलले. तो जिवंत होता, पुस्तक त्याचे होते, लाज वाटली तीही त्याचीच. मेलेल्या माणसाच्या तोंडी शब्द घालायचे आणि वर त्याचीच सही ठेवायची, ह्याला दुसऱ्या कोणत्याही व्यवहारात आपण बनावट दस्त म्हणतो. फार ओरड झाली तेव्हा जुना पाठही छापत राहू, असे प्रकाशकांना सांगावे लागले. पण ज्यांनी ई-पुस्तके विकत घेतली होती त्यांच्या संग्रहातल्या प्रतीही आपोआप बदलल्याच्या बातम्या तेव्हा आल्या. घरच्या फडताळातले पुस्तक रात्रीतून कोणी येऊन खोडले, तर आपण पोलिसांत जाऊ. इथे जायचे कोणाकडे?

‘पण जुन्या पुस्तकांत माणसांचा अपमान आहे त्याचे काय?’ हा प्रश्न मी टाळणार नाही, कारण तो खरा आहे. आपलेच म्हणींचे जुने संग्रह उघडा. जातींवर आणि बायकांवर असे काही लिहिलेले सापडेल, की ते मी ह्या घरगुती अंकात उतरू शकत नाही. ज्यांच्या आजीपणजीने ते ऐकून घेतले त्यांचा संताप रास्तच आहे. परंतु ती पाने गाळली तर फायदा कोणाचा? ज्याने शिवी दिली त्याचा! त्याचा नातू उद्या सांगेल, आमच्याकडे असे काही नव्हतेच हो.

बाबासाहेबांना हे पक्के कळत होते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली, ती भर परिषदेत, चारचौघांसमोर, ठराव करून. तो निषेध होता. त्यांनी मनूची सोवळी आवृत्ती काढली नाही. उलट पुढे आपल्या ग्रंथांतून त्याची वचने जशीच्या तशी पुरावा म्हणून मांडली. आणि गंमत पाहा, त्यांच्याच ‘रिडल्स’वर पाळी आली. १९८७ साली महाराष्ट्र शासनाने तो ग्रंथ छापला, तेव्हा राम-कृष्णांवरील प्रकरण गाळावे म्हणून एका बाजूने आंदोलन उठले, गाळू नये म्हणून दुसऱ्या बाजूने प्रचंड मोर्चे निघाले. शेवटी प्रकरण राहिले, आणि ह्या मतांशी शासन सहमत नाही एवढी टीप खाली आली. मला ती टीप फार आवडते. सरकारी खात्याच्या हातून इतकी सभ्य गोष्ट क्वचितच घडते.

लहान मुलांसाठी संक्षेप करू नये, असे मी म्हणत नाही. करावा, आणि ‘संक्षिप्त’ असे मुखपृष्ठावर छापावे, संक्षेप करणाऱ्याचे नाव घालावे. नातीला मी डालची जुनी प्रत रद्दीवाल्याकडून ४० रुपयांना आणून दिली आहे. ‘लठ्ठ’ शब्दापाशी ती थांबली आणि म्हणाली, “आजोबा, असं म्हणायचं नसतं ना?” मग आम्ही अर्धा तास त्यावरच बोलत बसलो.

ह्या दिवाळीत मुलांना एखादे जुने पुस्तक घेणार असाल, तर मुखपृष्ठ उलटून आतले पान पाहा. तिथे ‘सुधारित आवृत्ती’ असे छापले असेल आणि लेखक केव्हाच गेलेला असेल, तर काय सुधारले, कोणी सुधारले, हे दुकानदाराला विचारा. त्याला सांगता आले नाही तर प्रकाशकाला एक पत्र टाका.